हात न लावता केलेला हमला

गेल्या महिन्यात एका लेखात मी ‘हमला’ असा शब्द लिहिला आणि सकाळी सातलाच आमच्या मराठीच्या सरांचा फोन आला. सर निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण लाल शाई अजून वाळलेली नाही. “अरे, तूसुद्धा? हमला हिंदी! वाहिन्यांनी आणलेली घाण. आपल्याकडे चांगला ‘हल्ला’ असताना तुला उसनवारी कशाला लागते?” सरांसमोर वर्गात कधी तोंड उघडलं नव्हतं, फोनवरही उघडलं नाही. ते आता इथे उघडतो.

हमला मूळचा हिंदी नाहीच. तो अरबी. ओझं उचलणं, वाहून नेणं आणि शत्रूवर तुटून पडणं, असे अर्थ असलेल्या धातूपासून तो झाला. आपला हमाल त्याच घरातला. हमालाला परका म्हणून कुणी मार्केट यार्डातून हाकलत नाही. हाकलायचंच ठरवलं तर सरांच्या वर्गातले हजेरी, कागद, दप्तर सगळेच उठतील आणि मागे फक्त फळा उरेल. भाषाशुद्धीचा कैवार घेणाऱ्या माधव जूलियनांनी आधी फार्शी-मराठी कोश रचला होता, हेही विसरू नये. शुद्धीकरणाआधी त्यांनी निदान शब्दांची ओळख तरी करून घेतली होती!

यावर कुणी ‘आक्रमण’ सुचवतात. एका देशाचं सैन्य दुसऱ्या देशात घुसतं तेव्हा तो शब्द शोभतो. गल्लीत दोघे भिडले तर त्याला आक्रमण म्हणायचं का? शिवाय फलंदाज आक्रमक असला की आपण टाळ्या वाजवतो. ज्या शब्दात शाबासकी मिसळली, तो गुन्ह्याला कसा पुरणार?

पण हे सगळं कडेकडेचं झालं. माझा खरा मुद्दा कायद्याच्या पुस्तकात आहे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या मराठी पाठात कलम ३५१ चा मथळा ‘हमला’ असा आहे आणि त्याची व्याख्या वाचली की माणूस दचकतो. समोरचा आता आपल्यावर जबरदस्ती करणार, असं वाटायला लावणारा हावभाव किंवा तशी तयारी म्हणजे हमला. दिलेली उदाहरणंही बघा. कुणी मूठ उगारतो. कुणी चावऱ्या कुत्र्याचं मुसकं सोडायला लागतो. कुणी काठी उचलून “आता तुला बडवतो” म्हणतो. तिन्ही प्रसंगांत अंगाला बोटही लागलेलं नाही. लागलं की त्याला वेगळं नाव आहे, ‘फौजदारीपात्र बलप्रयोग’. आणि नुसते शब्द म्हणजे हमला नव्हे. शब्दांमुळे हावभावाचा रोख कळतो, एवढंच. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, कलमाचा आकडा १३० झाला, कल्पना तीच राहिली.

आता मराठी कानाला विचारा. “बिबट्याने हल्ला केला” म्हटलं की पंजा, रक्त, टाके डोळ्यांपुढे येतात. बिबट्या उसाच्या बांधावरून नुसता झेपावला, तर जुन्नरचा शेतकरी “अंगावर आला” म्हणतो. म्हणजे मराठीला हा फरक कळत नाही असं मुळीच नाही. अंगावर धावून जाणं, हात उगारणं, हे आपले अस्सल प्रयोग आहेत आणि बातमीदारांनी ते सुखेनैव वापरावेत. पण कलमाला नाम लागतं. जागेवर उभं राहून काठी उचलणारा तर धावूनही जात नाही. तिथे ‘हमला’ कामाला येतो, ‘हल्ला’ येत नाही.

येत नाही, कारण त्याने घोटाळा होतो. “तलाठ्यावर हल्ला” असा मथळा असतो. आत वाचावं तर कागद भिरकावले, हात उगारला, शिव्या दिल्या. वाचकाने मनात डोकं फोडून ठेवलेलं असतं. दुसऱ्या बाजूचे लोक विचारतात, “हात तरी लावला का? मग कसला हल्ला?” मराठीच्या दृष्टीने त्यांचं बरोबर, कायद्याच्या दृष्टीने साफ चूक. जुन्या दंडसंहितेत लोकसेवकावरच्या हमल्याचं कलम ३५३ होतं. त्याची शिक्षा महाराष्ट्राने मध्यंतरी दोन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली होती. इतकं ज्यावर अवलंबून आहे, तो शब्द मोघम ठेवून चालेल?

कलम ३५४ बद्दल तर मी हटून बसेन. स्त्रीच्या विनयभंगाच्या उद्देशाने हमला ‘किंवा’ बलप्रयोग. या ‘किंवा’त सगळं आहे. स्पर्श व्हायलाच हवा असं कायदा म्हणत नाही. नव्या संहितेतल्या कलम ७४ मध्येही तो ‘किंवा’ आहे. तिथे ‘हल्ला’ शब्द बसवा आणि बघा, ठाण्यात पहिला प्रश्न येईल, “लागलं कुठे?” वाट अडवून, हात पुढे करून कुणी अंगावर आला आणि ती पळून वाचली, तर दाखवायला जखम तिने कुठून आणायची?

शब्दांच्या हल्ल्याचंही तेच. रोज कुणाचा तरी कुणावर ‘हल्लाबोल’ असतो. हिंदीत हल्ला म्हणजे गलकासुद्धा, त्यामुळे तिथे तो निदान बोलण्याशी जुळतो. १ जानेवारी १९८९ ला दिल्लीजवळच्या साहिबाबादला सफदर हाश्मी आणि त्यांचे सोबती कामगारांपुढे पथनाट्य करत होते. नाव ‘हल्ला बोल’. नाटक चालू असताना गुंड चालून आले. राम बहादूर नावाचा कामगार गोळीने मेला, हाश्मी दुसऱ्या दिवशी डोक्याच्या जखमांनी गेले. नाटकाच्या नावातला हल्ला आणि नाटकावर झालेला हल्ला एकाच रस्त्यावर आमनेसामने आले होते. पत्रकार परिषदेत आवाज चढला की त्यालाही आपण तोच शब्द देतो. मला याची लाज वाटते.

सरांचं एक मात्र मान्य. ‘आतंकी हमला’ हा वाहिन्यांचा आळस आहे. मुंबईवर २६ नोव्हेंबर २००८ ला झाला तो हल्लाच. जिथे माणसं मारली गेली तिथे ‘हमला’ लिहू नये, आणि जिथे फक्त मूठ उगारली तिथे ‘हल्ला’ लिहू नये. तेव्हा सर, पडद्याखालच्या त्या पट्ट्यांवर लाल शाई खुशाल चालवा. माझ्या लेखातल्या त्या माणसाने काठी उचलली होती, मारली नव्हती. तो शब्द तसाच राहील.