शेजारची उरलेली गोळी

जुलै 2018 मध्यें नालासोपाऱ्यास रेल्वेच्या रुळांवर पाणी चढलें होतें, हें आमचे वाचक विसरले नसतील. अशा तुंबलेल्या पाण्यांत उंदरांच्या मूत्रावाटे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू मिसळतात व पायाच्या लहानशा जखमेंतूनही शरीरांत शिरतात. त्यावर डॉक्सिसायक्लिन गुणकारी आहे. म्हणूनच शेजारीं उरलेली गोळी मागून घेण्याचा मोह होतो. डॉक्टरांकडे जाण्यांत दिवस मोडतो, हें आम्ही जाणतों. तथापि हा मोह आवरावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. एकाची मात्रा दुसऱ्यास लागू पडेलच असें नाहीं. गर्भवती स्त्रियांस व लहान मुलांस तर हें औषध अपाय करूं शकतें. इतरांनींही तें भरपूर पाण्याबरोबर घ्यावें व लागलीच आडवें होऊं नये. एरव्हीं अन्ननलिकेस व्रण पडण्याचें भय असतें. कडक ऊनही टाळावें.

शिवाय, गोळी उरते ती बहुधा कोणीं तरी उपचार अर्धवट सोडल्यामुळें. अपुऱ्या मात्रेनें जंतू औषधास सरावतात, असा इशारा पेनिसिलिनचे शोधक फ्लेमिंग यांनीं 1945 सालींच दिला होता. विद्यार्थ्यांनो, पाकिटावरील तांबडी रेघ घरच्यांस दाखवा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून ती गोळी घ्यावयाची नाहीं, हाच तिचा अर्थ होय.