ऑर्कांची पोरं कुठं राहतात?



दिवाळीच्या सुट्टीत येलदरीच्या विहारात आम्ही पोरांसोबत एक खेळ मांडला. पुण्यात शिकणाऱ्या आमच्या एका तरुणाने तो आणला होता. नाव 'द वन रिंग'. टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वर बेतलेला, पहिली आवृत्ती २०११ची. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि अडलं की फासे टाकतात.

चळवळीतले एक ज्येष्ठ चिडले. गावात एवढं धरण, त्यावर वीजघर, तरी आपली पोरं मजुरीला पुण्याला जातात. आणि तुम्ही खेळ कसले खेळता?

दादा, त्या खेळाचं पहिलं काम काय ते तर बघा. आधी 'संस्कृती' निवडायची: हॉबिट, ड्वार्फ, एल्फ वगैरे. तुमच्या ताकदीचे, मनाचे, बुद्धीचे आकडे त्यावरून येतात. इथवर आम्ही गप्प होतो. पण राहणीमानही त्यावरूनच ठरतं! ड्वार्फ सुखवस्तू, हॉबिट बेताचा, उत्तरेचा रेंजर ओढगस्तीचा. फासा पडायच्या आधीच कुणाच्या खिशात किती, हे जन्माने लिहिलेलं. मनूला एवढं सुटसुटीत जमलं नव्हतं.

आणि ऑर्क? मूळ नियमांत ऑर्क होताच येत नाही. ते फक्त मारायला. दहावीतल्या एका मुलीने विचारलं, "ऑर्कांची पोरं कुठं राहतात?" गोष्ट सांगणारा गप्प झाला. खुद्द टॉल्किनलाही आपल्या पत्रांतून या प्रश्नाची नीट सोडवणूक करता आली नव्हती.

"खेळच तर आहे" म्हणणाऱ्यांनी आम्हाला हे शिकवू नये. आमच्या पूर्वजांना दैत्य-राक्षस ठरवलं तेही गोष्टींतूनच. म्हणून जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त बळीची गोष्ट उलटी वाचली. बाबासाहेबांचं 'रिडल्स' १९८७ साली सरकारने छापलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! गोष्ट निरुपद्रवी असती तर कुणी मोर्चा काढला असता का?

तरी खेळ जाळून टाका असं आम्ही म्हणत नाही. याच खेळात माणूस अंधाराकडे कसा घसरतो, हे त्याने पत्करलेल्या कामावरून ठरतं, जन्मावरून नाही. कप्तान सत्तेच्या मोहात पडतो, खजिना शोधणारा हावेत. वसलसुत्त वाचलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. नियम बदलतातही. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा १९७४चा खेळ. खेळणाऱ्यांच्या टीकेनंतर २०२४च्या नियमांत 'वंश' शब्द गेला आणि जन्मासोबत मिळणारे वाढीव गुण माणसाच्या पूर्वीच्या कामधंद्याकडे गेले. नुसता शब्द बदलला असता तर आम्ही हसलो असतो. 'हरिजन' म्हणून आमचं काय भलं झालं ते ठाऊक आहे. इथे आकडेही हलले.

मग आम्हीही हलवले. दुसऱ्या संध्याकाळी सगळ्यांना सारखे पैसे. बारा बाजूंचा फासा तालुक्याला मिळाला नाही, म्हणून स्टीलच्या वाटीत बारा चिठ्ठ्या. गोष्ट सांगायला त्या मुलीलाच बसवलं. तिची गोष्ट अशी सुरू झाली: एक ऑर्क बाई पोराला घेऊन बाजाराला निघाली आहे, आणि वाटेत रेंजरांनी तिला अडवून पिशवीत काय आहे ते विचारलं आहे.