हिंदमाताला समुद्र नाही, मग काय झालं?

सूर्यास्ताचा फोटो काढायचा म्हटलं की मुंबईकराची टॅक्सी आपोआप समुद्राकडे वळते. मरीन ड्राइव्ह, वरळी सी-फेस, नाहीतर दादर चौपाटी. तिथे फोटो मस्त येतात, वादच नाही. पण नोव्हेंबरअखेरीला मुंबईत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि तेव्हा आपण कुठे असतो? एसीत, एक्सेल शीटसमोर. जूनअखेरीला तो सव्वासातपर्यंत थांबतो खरा, पण मध्ये ढग येतात. म्हणून माझा सल्ला सरळ आहे. चौपाटी वीकेंडसाठी ठेवा. रोज जिथून जाता, तिथलीच संध्याकाळ टिपायला शिका. माझ्यासाठी ती जागा म्हणजे हिंदमाता.

हसू नका! हिंदमाता म्हणजे साड्या, ड्रेस मटेरियल आणि पावसात तुंबणारं पाणी, एवढंच आपल्या डोक्यात असतं. पश्चिमेला टॉवर उभे, त्यामुळे क्षितिजावर टेकलेला सूर्य इथे दिसणार नाही. नसू दे. आकाशात सूर्य जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो. मोबाइलच्या नेहमीच्या वाइड लेन्समध्ये तो टिकलीएवढाही उरत नाही. मोठा हवा असेल तर ऑप्टिकल झूम लागतो, डिजिटल झूम नुसते पिक्सेल ताणतो. तेव्हा सूर्याचा नाद सोडा, त्याच्या उजेडामागे लागा.

पहिली गोष्ट एक्स्पोजर. ऑटो मोडला सगळं मध्यम उजळ हवं असतं, म्हणून तो संध्याकाळची दुपार करून टाकतो. स्क्रीनवर आकाशाच्या उजळ भागावर बोट टेकवा आणि ब्राइटनेस थोडा खाली ओढा. लगेच रंग गडद होतात आणि फ्लायओव्हर, विजेचे खांब, बसची वाट बघणारी माणसं काळ्या आकृत्यांसारखी उठून दिसतात.

दुसरी गोष्ट व्हाइट बॅलन्स. ऑटोला नारंगी छटा म्हणजे चूक वाटते आणि तो ती 'सुधारतो'. सेटिंग 'डेलाइट' किंवा 'क्लाउडी'वर ठेवा.

तिसरी गोष्ट एचडीआर. आकाश आणि जमीन एकाच फोटोत नीट येत नाहीत, हे दुखणं फार जुनं आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५४ साली. त्या काळच्या काचा निळ्या प्रकाशाला इतक्या संवेदनशील होत्या, की आकाश पांढरंफटक पडायचं. फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे यांनी १८५० च्या दशकात समुद्र आणि आकाशाच्या दोन वेगळ्या निगेटिव्ह जोडून त्यावर तोड काढली. तुमचा फोनही बरेच शॉट एकत्र करून जवळपास तेच करतो. पण काळी आकृती हवी असेल तर एचडीआर बंद करा, नाहीतर तो सावल्याही उजळवून ठेवतो.

आता वेळ. सूर्याची कड क्षितिजाला टेकल्यापासून तो पूर्ण बुडेपर्यंत जेमतेम दोन-अडीच मिनिटं लागतात. लोक तेवढं बघतात आणि निघतात. तुम्ही थांबा. त्यानंतरच्या पंधरा-वीस मिनिटांत आकाश निळसर होतं, दुकानांचे दिवे लागतात आणि दोन्ही उजेड बरोबरीला येतात. शोकेसमधली पैठणी आणि वरचं जांभळं आकाश एकाच फ्रेममध्ये! हे काही चौपाटीवर मिळत नाही.

आणि हो, मान मागे वळवा. रस्त्याच्या पूर्वेकडच्या इमारतींच्या खिडक्या अशा वेळी सोन्यासारख्या पेटतात. पावसाळ्यात तर डबकंसुद्धा कामाचं. फोन पाण्याच्या अगदी जवळ न्या, वीतभर पाण्यात अख्खं आकाश मावतं. पाऊस धूळ धुऊन नेतो, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रंग स्वच्छ मिळतात. भर हिवाळ्यात मात्र धुरक्यात सूर्य मावळण्याआधीच फिका पडतो. तेव्हा डोळ्यांना न टोचणारं त्याचं लाल बिंब झूममध्ये छान येतं. डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून मात्र तळपत्या सूर्याकडे बघू नका. फ्लायओव्हरवर बाइक थांबवून फोटो काढणं तर नकोच. फुटपाथवर उभे राहा, आणि एखाद्या फेरीवाल्याचा चेहरा येत असेल तर आधी विचारा.

एवढा खटाटोप कशाला, असं कुणी म्हणेल. इथून जवळच परळ आणि प्रभादेवीला जोडणारा एल्फिन्स्टनचा पूल होता. शंभरहून अधिक वर्षं जुना. सप्टेंबर २०२५ मध्ये तो पाडकामासाठी बंद झाला. गिरण्यांच्या चिमण्या त्याआधीच एकेक करून गेल्या. कुणीतरी लोकल पकडायला धावताना त्या पुलावरून संध्याकाळचा फोटो काढला असेल, तर त्यात आज सूर्यास्ताहून जास्त काहीतरी आहे. समुद्रावरचा सूर्य उद्याही तसाच दिसेल. त्याच्यासमोरचं शहर तसंच असेल, याची खात्री नाही.

तेव्हा या आठवड्याचा होमवर्क: एक नेहमीचा कोपरा निवडा. सलग पाच दिवस, त्याच जागी, सूर्यास्तानंतर दहा मिनिटांनी, एकच फोटो. शुक्रवारी पाचही शेजारी शेजारी ठेवून बघा. बॉसला सांगा, मीटिंग आहे. आहेच ना!