वेदीआधी भावाचे दार

यंदा, २०२६ साली, राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला येतो. कपाळावर राखेचा क्रूस घेऊन ख्रिस्ती भाविक उपवासकाळात पाऊल टाकतील. वसईपासून गोव्यापर्यंतच्या चर्चमध्ये पापनिवेदनासाठी रांगा लागतील, क्रुसाच्या वाटेची भक्ती होईल, कुणी मटण-मासळी सोडेल, कुणी दारू. या साऱ्यामागचा हेतू एकच सांगितला जातो : देवाशी समेट. हेतू योग्यच आहे. पण देवाशी समेट त्यातल्या त्यात सोपा. देव उलट बोलत नाही, सातबाऱ्यावरचे नाव काढून दाखवत नाही, आईच्या आजारपणात कोण आले नव्हते याची आठवण करून देत नाही. शेजारच्या घरातला सख्खा भाऊ हे सगळे करतो. म्हणून त्याला वळसा घालून आपण थेट वेदीपाशी पोहोचतो.

हा वळसा येशूने डोंगरावरील प्रवचनातच बंद करून टाकला आहे. वेदीपाशी दान घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर दान तिथेच ठेव, आधी त्याच्याशी समेट कर, मग ये, असे तो सांगतो. यातली मेख लक्षात घ्यायला हवी. तुझ्या मनात राग आहे का, असा प्रश्न इथे नाही. ज्याच्यामुळे दुसऱ्याच्या मनात सल आहे, त्याने उठून जायचे आहे. ऐकणारे होते गालीलातले, आणि दान वाहण्याची वेदी होती यरुशलेमच्या मंदिरात, म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटर दूर, तीन-चार दिवसांच्या पायपिटीवर. अर्पणाचे जनावर तिथेच सोडून गावी परतायचे, भावाचे दार ठोठवायचे आणि पुन्हा तेवढेच अंतर चालून यायचे. हे ऐकून ते लोक चक्रावलेच असतील. देव थांबायला तयार आहे, भावाला मात्र थांबवून ठेवू नका, असा त्याचा सरळ अर्थ.

ही शिकवण आपल्याच देशात, आपल्याच काळात कुणी जगून दाखवली आहे काय? उत्तरासाठी फार लांब जावे लागत नाही. राखेच्या बुधवारानंतर बरोबर आठवड्याने, २५ फेब्रुवारीला, सिस्टर राणी मारिया यांच्या हत्येला ३१ वर्षे पूर्ण होतील. केरळमधल्या पुल्लुवळी गावची ही फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाची धर्मभगिनी मध्य प्रदेशात उदयनगर परिसरातल्या गरीब आदिवासींमध्ये काम करत होती. सावकारांच्या पाशातून लोक सुटू लागले तसे ज्यांचे हितसंबंध दुखावले, त्यांना ती नकोशी झाली. १९९५ साली इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये समंदर सिंग याने तिच्यावर सुऱ्याचे पन्नासहून अधिक वार केले. त्याला जन्मठेप झाली.

त्यानंतर जे घडले ते एका दिवसात घडलेले नाही. स्वामी सदानंद या नावाने ओळखले जाणारे धर्मगुरू तुरुंगात समंदरला भेटत राहिले. २००२ साली रक्षाबंधनाच्या सुमारास राणी मारियांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेल्या आणि बहिणीच्या मारेकऱ्याला त्यांनी राखी बांधली. खुनाला तेव्हा सात वर्षे उलटली होती. पुढे त्याच्या सुटकेला कुटुंबाने संमती दिली आणि २००६ मध्ये तो बाहेर आला. मग तो स्वतः केरळला त्या घरी गेला आणि क्षमा मागितली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये राणी मारियांना ‘धन्य’ घोषित करण्यात आले, तेव्हा समंदर सिंग तिथे हजर होता.

या घटनेकडे चमत्कार म्हणून पाहिले की आपण मोकळे होतो. चमत्कार काही आपल्याला जमायचे नाहीत. तिच्याकडे समेटाची रीत म्हणून पाहायला हवे. खटला चालला, शिक्षा झाली, अकरा वर्षे तुरुंगात गेली. क्षमेने न्यायाची वाट अडवली नाही. क्षमा मिळालेल्या माणसानेही घरी बसून समाधान मानले नाही. आपण ज्यांचे माणूस हिरावले, त्यांच्या उंबऱ्यावर तो गेला. आणि या सगळ्यासाठी कुणीतरी मधल्या काळात ये-जा करत राहिले. हे मधले काम बिनमोबदल्याचे आणि बिनप्रसिद्धीचे असते. पौलाने करिंथकरांना लिहिताना समेटाची सेवा म्हटले, ती हीच.

समेटाच्या नावाखाली उलटा कारभारही पुष्कळ चालतो. मार खाणाऱ्या बाईला ‘क्षमा कर, संसार सांभाळ’ असे सांगितले जाते. जमीन गिळणाऱ्याला मात्र परत करायला कुणी सांगत नाही. क्षमेचे ओझे नेहमी दुबळ्याच्याच खांद्यावर पडते. शुभवर्तमानातला जक्कय आठवावा. यरीहोचा हा श्रीमंत जकातदार येशूला घरी नेतो आणि तिथेच जाहीर करतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देईन आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट परत करीन. त्या घराला तारण झाल्याचे येशू म्हणतो ते या बोलण्यानंतर. परतफेड टाळणाऱ्या पश्चात्तापाला शुभवर्तमानात जागा नाही.

हा नियम संस्थांनाही लागू आहे. १२ मार्च २०००, उपवासकाळाचा पहिला रविवार. त्या दिवशी पोप जॉन पॉल दुसरे यांनी चर्चच्या लेकरांकडून इतिहासात घडलेल्या पापांबद्दल देवाकडे जाहीर क्षमा मागितली. २०१६ मध्ये भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने आपल्या धोरणात चर्चच्या आतही दलित ख्रिस्ती बांधवांशी भेदभाव होतो, हे मान्य केले. कबुली ही पहिली पायरी. नेतृत्वात कोण आहे, संस्थेच्या शाळेत कुणाच्या मुलाला प्रवेश मिळतो, सोयरीक जमवताना जात विचारली जाते की नाही, यांवरून पुढच्या पायऱ्या ओळखाव्या लागतील.

ईस्टर ५ एप्रिलला आहे. तोवर प्रत्येक धर्मग्रामात आणि मंडळीत एक काम सहज होण्यासारखे आहे. अबोला धरलेली, कोर्टात अडकलेली, वाटणीवरून तुटलेली घरे सगळ्यांना ठाऊक असतात. त्यांच्यात ये-जा करायला चार विश्वासू माणसे नेमावीत. आणि ज्याच्याकडे दुसऱ्याचे काही राहिले आहे, मग ती जमीन असो, मजुरी असो वा मागायची राहिलेली क्षमा, त्याने पापनिवेदनाच्या रांगेत उभे राहण्याआधी ते देऊन यावे. रांगेतली जागा गेली तरी चालेल.