उपग्रहाची नजर आणि घाटातील धुके

पावसाळ्यात नाशिकहून पेठला नोकरीसाठी ये-जा करणाऱ्या शिक्षकांना व कारकुनांना सावळघाटातील धुक्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. दर्यावर्दी लोकांचे तर ते पिढ्यान्‌पिढ्यांचे वैरी. २५ जुलै १९५६ च्या रात्री अमेरिकेच्या नँटकेट बेटाजवळ ‘आंद्रेआ डोरिया’ आणि ‘स्टॉकहोम’ या जहाजांची धुक्यात टक्कर होऊन ५१ माणसे प्राणास मुकली, तेव्हा दोन्ही जहाजांवर रडार होते! रडार समोरचे जहाज दाखविते. धुक्याचा विस्तार दाखवीत नाही.

तो विस्तार हवामान उपग्रह दाखवितात. दिवसा धुके पांढऱ्या चादरीसारखे दिसते. रात्रीची युक्ती मात्र मोठी मार्मिक आहे. धुक्यातील सूक्ष्म जलबिंदू ३.९ मायक्रॉनच्या आसपासचे अवरक्त किरण १०.८ मायक्रॉनच्या किरणांच्या मानाने क्षीणपणे उत्सर्जित करतात. त्यामुळे तेच धुके पहिल्या पट्ट्यात अधिक थंड भासते. मोकळ्या समुद्रावर असा फरक जवळजवळ नसतो. साहजिकच फरक दिसला की धुके ताडता येते. २०१३ चा इन्सॅट-३डी, २०१६ चा इन्सॅट-३डीआर आणि २०२४ चा इन्सॅट-३डीएस या भारतीय उपग्रहांवर ही सोय करण्यात आली.

परंतु ही नजर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरून पडते. तिला ढगाचा माथा दिसतो, पायथा नाही. तो ढग जमिनीला टेकला आहे की दोनशे मीटर वर तरंगतो आहे, हे तिला सांगता येत नाही. वर उंच ढगांचे आवरण असले की खालचे सारेच झाकले जाते. शिवाय या उपग्रहांच्या अवरक्त चित्रातील एक ठिपका चार किलोमीटरचा. घाटातले वळण त्यात हरवून जाते. पेठच्या आषाढ-श्रावणात या तिन्ही अडचणी एकदमच उभ्या राहतात. खुल्या समुद्रावर जे साधन उपयुक्त ठरते, ते सह्याद्रीत नेमक्या गरजेच्या वेळी निरुपयोगी ठरावे, हा मोठाच विपर्यास होय.

यास्तव उपग्रहाच्या चित्रावर विसंबून राहणे शासनाला परवडणारे नाही. घाटमाथ्यावर दृश्यमानता मोजणारे यंत्र बसविण्याचा खर्च उपग्रहाच्या मानाने नगण्यच. ते येईपर्यंतही एक जुनी रीत हाताशी आहे. पन्नास, दोनशे, पाचशे आणि हजार मीटरवरच्या खुणा ठरवून त्यांतील कोणती शेवटची दिसते, याची रोज सकाळी नोंद करावी. हजार मीटरच्या आतच दृष्टी अडली, तर हवामानशास्त्र त्याला धुके म्हणते. हे काम पेठच्या शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थी सहज करू शकतील. ती नोंद पहिली एस.टी. सुटण्यापूर्वी आगारात पोहोचविण्याची व्यवस्था तेवढी शासनाने करावयाची आहे.