वेष असावा आपला

‘एक नूर आदमी, दस नूर कपडा’ ही म्हण आमच्या औरादच्या पेठेत लहानथोरांच्या तोंडून सहज ऐकू येते. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. त्यामुळे मराठी, कानडी आणि उर्दू अशा तिन्ही भाषांच्या म्हणी येथे एकाच घरात नांदतात. माणसाच्या अंगचे तेज एकपट, तर कपड्याने येणारे तेज दसपट, असा ह्या म्हणीचा अर्थ. पुष्कळ दिवस मी ती सर्वस्वी खरी मानीत होते. आता ती अर्धीच खरी आहे असे मला वाटू लागले आहे. असे का वाटू लागले, हे वाचकांपुढे मांडावे एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम माझ्या हातून घडलेली एक चूक सांगते. गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात मला नाटकात काम मिळाले होते. ते पाहावयास आजी दुपारपासूनच तयार होऊन बसली होती. अंगावर हिरवे इरकली लुगडे, त्याचा लाल रेशमी पदर डोक्यावर, खणाची चोळी आणि कपाळी ठसठशीत कुंकू. मैत्रिणींच्या आया नव्या चकचकीत साड्या नेसून येणार, हे मला ठाऊक होते. मी आजीस म्हटले, “आजी, दुसरे काही नेस ना. हे अगदी खेडवळ दिसते.” आजी रागावली नाही. पदर सारखा करीत ती इतकेच म्हणाली, “ह्ये लुगडं तुझ्या बापाच्या लग्नातलं हाय, बाई. आज लुगड्याला लाजलीस, उद्या मला लाजशील.” त्या सायंकाळी नाटक चांगले वठले, टाळ्याही पडल्या, परंतु बायकांच्या रांगेत आजी नव्हती.

पुढे ह्या लुगड्याविषयी मी माहिती मिळवू लागले, तेव्हा माझे मलाच ओशाळल्यासारखे झाले. इरकल हे नाव बागलकोट जिल्ह्यातील इळकल ह्या गावावरून पडले. तेथील विणकर लुगड्याच्या अंगाचे उभे धागे आणि पदराचे उभे धागे एकमेकांत फासे घालून जोडतात. अंग एका रंगाचे आणि पदर दुसऱ्या रंगाचा असूनही कापड अखंड राहते, ते ह्याच कसबामुळे. आमच्या घरी ओटी भरण्यास लागणारा खण विणण्याबद्दल प्रसिद्ध असलेले गुळेदगुड्ड हेही त्याच जिल्ह्यातले. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा बीदर जिल्ह्यातील उदगीर मुंबई राज्यात गेले आणि औराद म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, आले. नकाशावर रेघ पडली. परंतु कानडी मागावर विणलेले लुगडे मराठी आजीच्या अंगावर होते तसेच राहिले. ज्या वस्त्राने दोन भाषांना असे एकत्र बांधले, त्यास मी खेडवळ म्हटले होते!

मग माझ्या मनात प्रश्न उभा राहिला की, ते मला खेडवळ का वाटले? त्याचे उत्तर फारसे सुखावह नाही. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलेच नव्हते. चित्रपटांतील नट्या, मोबाइलवरील जाहिराती आणि वर्गातील चार मुलींची कुजबूज ह्यांच्या डोळ्यांनी मी ते पाहिले होते. ‘मला हेच आवडते’ असे आपण मोठ्या अभिमानाने म्हणतो. परंतु तीच आवड एकाच महिन्यात साऱ्या वर्गास कशी जडते आणि पुढच्या महिन्यात सर्वांची एकदमच कशी उडते, ह्याचा विचार आपण करीत नाही. अशी आवड आपली नव्हे. ती उसनी आणलेली असते.

तर मग जुने ते सारे कवटाळून बसावे काय? तसेही नाही. वेष जसा बाजार लादतो, तसा तो रूढीही लादू शकते. १९२७ च्या डिसेंबरात महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील स्त्रियांना उपदेश केला होता. ज्या नेसण्यावरून आणि ज्या दागिन्यांवरून लोक तुमची जात ओळखतात, ते टाकून द्या आणि इतर स्त्रियांप्रमाणे नीटनेटके लुगडे नेसा, असा त्याचा आशय होता. त्या स्त्रियांच्या दृष्टीने नेसण्याची तऱ्हा बदलणे ही हौस नव्हती. तो माणुसकीचा हक्क होता. जो वेष आपणास खाली मान घालावयास लावण्यासाठीच नेमून दिलेला आहे, तो कितीही जुना असला तरी आपला नव्हे.

ह्या दोन्ही टोकांच्या मध्ये आपली वाट कोठे आहे, हे मला डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांच्या चरित्रात सापडले. १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, त्या वैद्यकी शिकण्यासाठी अमेरिकेस गेल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फिया येथे पदवीधर झाल्या. त्यांचे १८८५ मधील एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात तीन विद्यार्थिनी शेजारी शेजारी बसल्या आहेत. आनंदीबाई साडीत आहेत, जपानच्या केई ओकामी किमोनोत आहेत आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली आपल्या देशीच्या वेषात आहेत. परक्या देशात राहूनही आनंदीबाईंनी साडी सोडली नाही. परंतु तेथील कडाक्याच्या थंडीत नऊवारी पुरेशी नाही असे दिसताच त्या गुजराती धर्तीने साडी नेसू लागल्या. म्हणजे वस्त्र आपले ठेवले आणि नेसण्याची तऱ्हा हवेप्रमाणे बदलली. आपली शैली म्हणतात ती हीच, असे मला वाटते. हट्ट निराळा आणि निष्ठा निराळी.

यावर कोणी म्हणेल की, शाळेत तर सर्वांना एकच गणवेश. तेथे आपली शैली कोठून आणावी? माझ्या मते गणवेश हा शैलीचा शत्रू नाही. सावकाराचा मुलगा आणि सालगड्याचा मुलगा एका बाकावर एकाच रंगात बसतात, हे थोडे नव्हे. शिवाय तोच सदरा एकजण चुरगाळलेला घालतो, तर दुसरा धुऊन, तुटलेले बटण स्वतः लावून घालतो. दोघांची ओळख निराळी पडतेच.

दुसरा आक्षेप पैशाचा. चांगली अभिरुची ही श्रीमंतांची मिरास आहे, असे पुष्कळांस वाटते. परंतु संत गाडगेबाबांच्या अंगावर चिंध्यांची गोधडी असे, एका कानात कवडी आणि दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच असे. तो वेष गरिबीने लादलेला नव्हता. त्यांनी तो जाणून निवडला होता. एक नूर आणि दस नूर ही म्हण त्यांच्यापुढे हात टेकते. आपण चिंध्या नेसाव्या असे मला सुचवावयाचे नाही. निवड करण्यास पैशापेक्षा विचार अधिक लागतो, एवढेच म्हणावयाचे आहे.

मी स्वतःपुरते तीन प्रश्न ठरविले आहेत. हे वस्त्र आमच्या औरादच्या उन्हात अंगास सोसेल काय? हे घालून मला माझे काम मोकळेपणाने करता येईल काय? आणि कोणीच पाहणारे नसते तरी मी हे घातले असते काय? मी सायकलवरून शाळेस येते, म्हणून मला सुती सलवार-कमीजच सोयीची. परंतु यंदाच्या दिवाळीस मी खणाच्या कापडाचा कुडता पेठेतील शिंप्याकडून शिवून घेतला. एका मैत्रिणीने नाक मुरडले, दुसरीने कापड कोठे मिळाले म्हणून विचारले. दोन्ही ऐकून माझा कुडता होता तसाच राहिला आणि मीही.

बाल मित्रमैत्रिणींनो, कपड्याने नूर येतो हे खोटे नाही. परंतु तो नूर अंगात आधी असावा लागतो. कपडा त्यास वाट करून देतो इतकेच. यंदाच्या स्नेहसंमेलनाचे निमंत्रण मी आजीस स्वतः दिले आहे. कोणते लुगडे नेसू, असे तिने विचारले. “तेच,” असे मी म्हटले. ती काही बोलली नाही. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी ते हिरवे लुगडे अंगणातील दोरीवर वाळत घातलेले मला दिसले.