नाताळचे फूल आणि दसऱ्याचे फूल

नाताळ जवळ आला की आपल्या गव्हाणीभोवती तांबडी प्लॅस्टिकची पॉइन्सेटिया अवतरते. ती 'आपली' आणि झेंडू 'त्यांचा', हा समज काही भाविकांत इतका मुरला आहे की वेदीपुढे झेंडूचा हार दिसताच कपाळावर आठ्या पडतात. दसऱ्याला सातपाटीचे मच्छीमार होड्यांना हाच हार घालतात ना, असा त्यांचा सवाल. घालतात, त्यात बिघडले काय?

ही दोन्ही फुले मुळात मेक्सिकोची. तेथील अॅझ्टेक लोक पॉइन्सेटियापासून तांबडा रंग काढीत आणि झेंडू देवकार्यात वापरीत. जन्मकुंडलीच पाहायची तर दोन्ही सारखीच बाप्तिस्म्याविना जन्मलेली! 17व्या शतकात ताश्कोच्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी पॉइन्सेटिया नाताळच्या उत्सवात आणली, असे सांगतात. पुढे भाविकांना तिच्यात बेथलेहेमचा तारा आणि ख्रिस्ताचे रक्त दिसू लागले. (खरे तर ते तांबडे म्हणजे पानेच, फूल मधले, पिवळे आणि चिमुकले.) आजचे नाव मात्र ज्योएल पॉइन्सेट या मुत्सद्द्याचे. अमेरिकेचा वकील म्हणून तो मेक्सिकोत होता आणि 1828च्या सुमारास त्याने ही रोपे मायदेशी नेली.

आणि झेंडू? मेक्सिकोचे कॅथलिक 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, त्यानेच कबरी सजवतात. त्याचे इंग्रजी नाव मेरीगोल्ड, म्हणजे मरियेचे सोने. ते युरोपातल्या कॅलेंड्युलाकडून त्याला मिळाले. ज्याच्या नावात पवित्र मरिया ते फूल परके, आणि ज्याच्या नावात राजदूत ते ख्रिस्ती! हा न्याय मला उमगत नाही. 1969 साली रोमने भारतीय उपासनेसाठी मान्य केलेल्या बारा मुद्द्यांत आरतीसुद्धा आहे, हेही आपण विसरलो.

पॉइन्सेटियाची दंतकथा तरी नीट आठवावी. बाळ येशूला द्यायला काहीच नसलेल्या गरीब मुलीने वाटेवरचे तण आणले आणि तेच तांबडे फुलले. तिने दुकानातून काही आणले नव्हते. आपण मात्र न कोमेजणारे प्लॅस्टिक दरवर्षी धूळ झटकून वेदीवर मांडतो. फाटले की ते खाडीत जाते आणि पापलेटाच्या जाळ्यात येते.

यंदा आमच्या वेदीवर झेंडू असेल. कुणाच्या अंगणात जिवंत पॉइन्सेटिया असल्यास तिचेही स्वागत आहे. ज्यांची हरकत असेल त्यांनी मिस्सेनंतर मला भेटावे.